डिश बंद करून नुसत्या फायर स्टिकवर मराठी चॅनेल चालतील का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही पुण्याला, सासू-सासरे चिपळूणला. घरात बत्तीस इंची साधा एलईडी टीव्ही, छपरावर डिश. पावसाळ्यात ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. दिरांनी अमेरिकेहून येताना ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक आणून दिलीय, घरात फायबरचं इंटरनेट नुकतंच बसलंय, आणि आता डिशचा रिचार्ज थांबवून सगळे मराठी चॅनेल स्टिकवरच दिसतील का, असं तुम्ही विचारताय.

दिसेल जवळपास सगळं. पण डिश आजच बंद करू नका. गुहागर, चिपळूण, पोफळी या पट्ट्यात डिश आणि नेट बसवण्याचं काम मी वर्षानुवर्षं करतोय. ज्या घरांत स्टिक आणि डिश निदान महिनाभर शेजारी शेजारी चालली, त्या घरांत नंतर तक्रार आली नाही. ज्यांनी पहिल्याच दिवशी डिश काढली, तिथे आठवड्यात फोन येतो, आणि तो बहुधा घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाचा असतो.

याचं कारण असं, की स्टिक स्वतः एकही चॅनेल देत नाही. ती टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचेत बसणारी छोटी संगणकाची वस्तू आहे. साध्या मॉडेलमध्ये एक जीबी रॅम आणि आठ जीबी साठवण, बस. तिच्यात तुम्ही ॲप घालता, आणि चॅनेल असतील तर त्या ॲपमध्ये असतात. डिशचं उलटं असतं. तिथे चॅनेल आधीपासून चालूच असतो, आपण नंबर दाबून त्यात शिरतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून सासऱ्यांच्या पिढीला टीव्ही म्हणजे बटण दाबलं की आपोआप काहीतरी सुरू असणारी वस्तू अशीच सवय आहे. ॲप मात्र विचारतं: काय बघायचंय? कुठला भाग? कुणाच्या नावाने? रोज संध्याकाळी सात वाजता हे तीन प्रश्न आले, की माणूस कंटाळतो. तुमच्या घरातली खरी अडचण ही असणार आहे. ती सुटेल, पण त्यासाठी बसवणाऱ्याने एक दुपार नीट द्यायला हवी.

आधी कुठला चॅनेल कुठे सापडतो ते बघू. झी मराठी आणि झी टॉकीज झी फाइव्हवर. स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर. कलर्स मराठीच्या मालिकाही आता तिथेच, कारण जिओसिनेमा आणि हॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला एकत्र झाले. कुणी जुन्या माहितीवरून वूट हे बंद झालेलं ॲप शोधायला सांगितलं, तर शोधत बसू नका. सोनी मराठी सोनी लिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. मालिकांचे भाग त्या त्या ॲपमध्ये येतात, पैसे भरलेल्यांना पुष्कळदा टीव्हीच्या आधीच येतात. म्हणजे सासूबाईंची रात्री आठची मालिका हुकली, तर ती नऊला किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी लावता येते. एकदा ही सोय कळली की बायका डिशकडे वळून बघत नाहीत, हे मी घरोघर पाहिलंय.

बातम्यांचं काम सगळ्यांत सोपं. एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी चोवीस तास, साम, न्यूज एटीन लोकमत यांचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट असतं. सासऱ्यांना दिवसभर बातम्याच लागत असतील तर त्यांच्यासाठी एक पैसाही खर्च करायची गरज नाही. देवदर्शनाचंही तसंच. शिर्डीचं साईबाबा संस्थान, प्रभादेवीचं सिद्धिविनायक, पुण्याचा दगडूशेठ गणपती, सगळ्यांचं थेट दर्शन इंटरनेटवर आहे, आणि मोठ्या पडद्यावर सकाळची आरती लागली की घरातलं वातावरण बदलतं. दूरदर्शनचे चॅनेल प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर आहेत. हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्‌घाटनात सुरू झालं.

आता ज्यांना नंबर दाबून बदलत जायचे खरेखुरे चॅनेल हवेत, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. तुमचं फायबर कुठल्या कंपनीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे तेच महत्त्वाचं आहे. जिओचं असेल, तर जिओटीव्ही प्लस नावाचं ॲप ऑगस्ट २०२४ पासून फायर टीव्हीवर आणि अँड्रॉइड टीव्हीवरही मिळतं. कंपनी आठशेच्या वर चॅनेल सांगते, त्यांत मराठीही आहेत. ते जिओच्या घरगुती इंटरनेटच्या ठरावीक प्लॅनसोबतच चालतं, म्हणून आपला प्लॅन त्यात बसतो का हे आधी विचारून घ्या. एअरटेलनेही मार्च २०२५ मध्ये फायबरवरून चॅनेल द्यायला सुरुवात केली. कनेक्शन गावातल्या केबलवाल्याचं असेल, तर त्यालाच विचारा. बरेच जण आता नेट आणि चॅनेल एकाच महिन्याच्या पैशांत देतात. माझं मत स्पष्ट आहे: सत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी चार वेगवेगळी ॲप घेण्यापेक्षा इंटरनेटवाल्याकडूनच चॅनेल मिळत असतील, तर ते आधी घ्या. मालिकांची ॲप नंतर बघता येतील.

दिरांनी आणलेल्या स्टिकबद्दल. अमेरिकेतून आणलेली स्टिक इथे चालते, तिला काही बाधा नाही. पण ती दिरांच्या अमेरिकन खात्याला जोडलेली असेल, तर शोधूनही आपली ॲप सापडणार नाहीत आणि घरातल्यांना वाटेल वस्तूच खराब आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते खाते काढून टाका आणि भारतातल्या ॲमेझॉन खात्याने नव्याने नोंदणी करा. खाते काढायला दुसरं कारणही आहे. दिरांचं कार्ड त्या खात्याला जोडलेलं असतं, आणि इथे कुणी चुकून ‘भाड्याने घ्या’ वर दाबलं तर तिकडे डॉलर कापले जातात. भारतीय खात्यावरही खरेदीसाठी पिन लावून ठेवा. सोबतच्या चार्जरची पिन दोन चपट्या पात्यांची असेल, आपल्या सॉकेटमध्ये ती बसत नाही. त्यासाठी गावभर फिरू नका. मोबाईलचा चांगल्या कंपनीचा पाच व्होल्ट एक ॲम्पियर किंवा त्याहून जास्त देणारा चार्जर चालतो.

चार्जरवर थोडं जास्त बोलतो, कारण ‘स्टिक सारखी बंद पडते’ या तक्रारींपैकी निम्म्याअधिक इथेच सुटतात. टीव्हीच्या मागे यूएसबीची खाच दिसते, आणि लोक वायर वाचवायला स्टिकची वायर त्यातच खुपसतात. जुन्या टीव्हीची ती खाच साधारण अर्धा ॲम्पियर देते. स्टिकला लागतो एक. त्यामुळे ती सुरू होते, अर्धा तास चालतेही, आणि चित्रपट लागला, वायफाय जोरात ओढायला लागलं, की पडदा काळा होऊन पुन्हा कंपनीचं नाव दिसतं. दुकानदार सांगतो स्टिक बदला. स्टिकला काही झालेलं नसतं. तिला भिंतीतल्या सॉकेटवर लावा. दुसरं, बॉक्समध्ये बोटभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर येते. ती निरुपयोगी समजून फेकू नका. स्टिक टीव्हीला अगदी चिकटून बसली की तापते आणि टीव्हीच्या पत्र्याआड वायफायही कमी पकडते. ती वायर लावली की स्टिक जरा बाहेर लोंबते, आणि दोन्ही अडचणी कमी होतात.

मग वायफाय. तुमचं घर चिऱ्याचं आहे का? कोकणातली जुनी घरं जांभ्या चिऱ्याची, भिंत हातभर जाड. राउटर ओटीवर आणि टीव्ही माजघरात असं असलं, तर मधल्या भिंतीत सिग्नलचा जीव जातो. राउटर दोन प्रकारचे सिग्नल सोडतो. पाच गिगाहर्ट्झचा वेगवान असतो, पण भिंत ओलांडताना पार गळतो. अडीचच्या आसपासचा, म्हणजे २.४ चा, हळू असला तरी भिंतीतून बऱ्यापैकी जातो. एकाच खोलीत राउटर असेल तर स्टिक पाचवर जोडा, मध्ये चिऱ्याची भिंत असेल तर २.४ वर. तरीही चित्र अडकत असेल, तर राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढून घ्या. स्टिकला वायर लावायचा छोटा जोड वेगळा मिळतो. तो शंभर मेगाबिटपर्यंतच देतो, पण टीव्हीला त्याच्या वीसेक टक्केही पुरतात. गावातल्या घरासाठी मी वायरच सुचवतो. एकदा ओढली की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही.

नेट किती संपेल, हा हिशेब घरी बसून करता येतो. बत्तीस इंची पडद्यावर स्वच्छ चित्रासाठी सेकंदाला पाच मेगाबिट भरपूर झाले. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणजे १८,००० मेगाबिट. आठने भागलं की सव्वादोन जीबी होतात. रोज चार तास टीव्ही चालला तर दिवसाला ९ जीबी, महिन्याला २७०. मोठ्या कंपन्यांच्या ‘अमर्याद’ फायबर प्लॅनला महिन्याची मर्यादा ३,३०० जीबीच्या आसपास असते, तेव्हा तुम्हाला काळजी नाही. पण हेच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करायला गेलात, तर रोजचे दोन जीबी पहिल्या तासातच संपतील. वाडीत फायबर पोचलेलं नाही आणि मोबाईलच्या भरवशावर स्टिक घ्यायचीय, असं कुणी विचारलं तर मी सरळ नको सांगतो. त्यांनी डीडी फ्री डिश लावावी. एकदा डिश आणि बॉक्सचा खर्च, नंतर महिन्याचे पैसे नाहीत. सह्याद्री तर आहेच, खासगी मराठी चॅनेलही काही असतात; ते लिलावाप्रमाणे बदलत राहतात. शिवाय २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, त्यामुळे भारताचे बरेचसे सामने तिथे फुकट दिसतात.

पावसाचं तुमचं मूळ दुखणं. डिशवर येणारी लहर बारा गिगाहर्ट्झच्या आसपासची असते, तिची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवरून पाठवतो, आणि शेवटच्या काही किलोमीटरांत पावसाचे टपोरे थेंब ती शोषतात, विखुरतात. आपल्याकडे आषाढात आभाळ फाटल्यासारखं कोसळतं तेव्हा दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हे कुठल्याही कंपनीच्या डिशला चुकत नाही. पण साध्या भुरभुरीतही चित्र जात असेल, तर दोष पावसाचा नाही. डिश जागची हललीय, किंवा एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या तुकड्याच्या, जोडाला पाणी लागून तांबं हिरवं पडलंय. सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची गुणवत्ता टक्क्यांत दिसते. कोरड्या दिवशी ती बघा. कोरड्या दिवशीच निम्म्यावर असेल, तर माणूस बोलावून डिश नीट करून घ्या, जोड कापून नवा लावा आणि त्यावर रबरी टेप गुंडाळा. हे काम मे महिन्यात करायचं. मला विचाराल तर स्टिककडे वळण्याआधी हे करून पाहिलेलं चांगलं; काही घरांत एवढ्यावरच प्रश्न मिटतो.

फायबरवर पावसाचा थेट परिणाम नाही, काचेच्या तंतूतून उजेड जातो, त्याला पाणी अडवत नाही. मात्र आपल्याकडे तो तंतू विजेच्या खांबांवरून लोंबत येतो. वादळात फांदी पडली की तुटतो, आणि जोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी येतो. वीज गेली की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद. इन्व्हर्टर असेल तर टीव्हीसोबत हे दोन्ही त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो; टीव्ही नाही चालला तरी निदान मोबाईलवर नेट राहतं. आणि फायबरचा डबा जमिनीलगत ठोकू देऊ नका. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात मी जे डबे उघडले त्यांत वाशिष्ठीचा गाळ होता. बाजारपेठेच्या बाजूला तुमचं घर असेल, तर तो पोटमाळ्याच्या उंचीला लावायला सांगा. वायर थोडी जास्त लागेल, तेवढंच.

क्रिकेटबद्दल आधीच सांगून ठेवतो, नाहीतर सासरे नाराज होतील. इंटरनेटवरून येणारा सामना डिशच्या मागे असतो, कधी वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं, आणि चित्र अडकू नये म्हणून स्टिक असे काही तुकडे आधी गोळा करून मगच दाखवायला लागते. म्हणून शेजारी डिशवर बघत असले, तर विकेट पडल्याचा ओरडा खिडकीतून आधी येतो आणि आपल्या टीव्हीवर गोलंदाज अजून धावत असतो. यावर इलाज नाही. सामन्याचा नाद असणारं घर असेल, तर हे एकटं कारणही डिश ठेवायला पुरेसं आहे.

आता ती एक दुपार कशी घालवायची ते सांगतो. हे मी हाताने करून देतो, तुम्हीही करू शकाल. स्टिक सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर जाहिराती आपोआप वाजायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना वाटतं काहीतरी चुकून लागलं, आणि ती घाबरून बटणं दाबत सुटतात. सेटिंगमध्ये प्राधान्यांच्या भागात या आपोआप वाजण्याला बंदी घालता येते. चित्र आणि आवाज दोन्ही बंद करा. मग ॲपची रांग लावा. ॲपवर थांबून तीन रेघांचं बटण दाबलं, की ते पुढे सरकवायची सोय येते. पहिलं बातम्यांसाठी यूट्यूब, दुसरं सासूबाईंच्या मालिकेचं, तिसरं चॅनेलवालं. नको असलेली ॲप काढून टाका. आठ जीबीत जागा थोडी, आणि ती भरली की सगळंच रेंगाळतं.

यूट्यूबवर सासऱ्यांचे बातम्यांचे चॅनेल सबस्क्राइब करून ठेवा, म्हणजे त्यांना टाइप करावं लागत नाही. माइकचं बटण दाबून नाव बोललं तरी सापडतं. बोट बटणावर ठेवूनच बोलायचं, सोडल्यावर नाही, हे त्यांच्याकडून तुमच्यासमोर चार-पाचदा करून घ्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी नावाची सोय असते, सॅमसंगमध्ये तिला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक. ती चालू केली की स्टिकचं बटण दाबताच टीव्ही स्वतः चालू होतो आणि बरोबर त्या खाचेवर येतो. ही सोय नसेल तर ‘सोर्स’ बदलणं शिकवावं लागतं. टीव्ही चालू आहे पण पडदा निळा, असा फोन येतो तो बहुतेक वेळा यामुळेच. एचडीएमआय एक आणि दोन असतील, तर कुठल्यात काय आहे ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या कडेला चिकटवा. आणि सेल संपले किंवा रिमोट चालेनासा झाला, तर सेल बदलून घराचं चित्र असलेलं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, हेही त्याच कागदावर लिहा.

ओटीपीचं एक सांभाळा. सदस्यत्व तुमच्या मोबाईलवर घेतलंत, तर चिपळूणला ॲप कधीतरी स्वतःहून बाहेर पडतं आणि पुन्हा आत जायचा आकडा तुमच्या पुण्याच्या फोनवर येतो. तुम्ही ऑफिसात, मालिका सुरू होतेय, आणि घरात चिडचिड. शक्य असेल तर सासऱ्यांच्याच नंबरावर घ्या. अजून एक, मोबाईल रिचार्जसोबत मिळणारं सदस्यत्व पुष्कळदा मोबाईलपुरतंच असतं, टीव्हीवर ते उघडत नाही. प्लॅन घेताना ‘टीव्ही’ हा शब्द लिहिलाय का आणि एका वेळी किती पडदे चालतात, एवढं वाचा. तुम्ही पुण्यात आणि ते चिपळूणला एकाच वेळी बघणार असाल, तर दोन पडद्यांचा लागेल. झी फाइव्हमध्ये एकाच भाषेपुरता प्लॅनही निघालाय. नुसतं मराठी बघणाऱ्या घराला तो परवडतो, सगळ्या भाषांचे पैसे भरू नका.

इथून पुढचं मात्र घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. स्टिक सुरू करताना पडद्यावर कोड येतो, तो फोनवर किंवा संगणकावर घालायचा असतो. लोक तो कोड कुठे घालायचा हे गूगलवर शोधतात, आणि वर येतो एखादा बनावट मदत क्रमांक. तिकडचा माणूस गोड हिंदीत बोलतो, ‘ॲक्टिव्हेशन’चे पैसे मागतो, किंवा फोनवर एखादं ॲप घालायला सांगून सगळा फोन ताब्यात घेतो. स्टिकची नोंदणी फुकट असते. तिच्यासाठी कुणी एक रुपया मागितला, तरी तो चोर. पत्ता पडद्यावर दिसेल तसाच टाइप करायचा, शोधायचा नाही. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरत जाते. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची पेन्शन अशीच गेली. ते माणूस म्हणून अत्यंत सावध, पण नवी वस्तू समोर असली की आपण विचारायला लाजतो आणि फोनवर धीराने समजावणारा कुणी भेटला की त्याच्यावर विश्वास टाकतो. म्हणून सासऱ्यांना आधीच सांगा, काहीही अडलं तर तुम्हालाच विचारायचं, कितीदाही.

दुसरा धोका ‘सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट’ वाल्यांचा. बाजारात कुणी तरी स्टिकमध्ये बाहेरून ॲप चढवून देतो, वर्षाला थोडे पैसे घेतो, आणि त्यात हजारो चॅनेल दिसतात. ते चोरीचं प्रक्षेपण आहे, कायद्याने गुन्हा आहे, आणि सामन्याच्या ऐन दिवशी ते बंद पडतं. माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. ही ॲप चढवायला तो स्टिकची दारं उघडी करून जातो. २०१८ मध्ये अशाच उघड्या दारातून एक किडा हजारो अँड्रॉइड उपकरणांत शिरला होता, फायर स्टिकमध्येसुद्धा. ‘टेस्ट’ नावाचं एक ॲप आपोआप दिसायचं आणि स्टिक परक्या माणसासाठी आभासी चलन खोदत, म्हणजे दिवसभर आकडेमोड करून कमवत बसायची. तापायची, रेंगाळायची, घरातल्यांना कळायचं नाही का. निनावी स्वस्त बॉक्सचं तर विचारूच नका. त्यांतल्या काहींत कारखान्यातूनच रोग भरून येतो, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स नावाच्या अशा जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. ज्या वायफायवर सासऱ्यांचा बँकेचा फोन आहे, त्याच वायफायवर असली वस्तू नको. तुमच्या स्टिकमध्ये डेव्हलपरच्या पर्यायांत जाऊन डीबगिंग (हेच ते बाहेरून आत शिरायचं दार) आणि अनोळखी ॲपची परवानगी बंद आहे ना, तेवढं बघा.

पैशांचं म्हणाल, तर स्टिकने खर्च कमी होतोच असं नाही. डिशला चॅनेलच्या पैशांआधी जोडणी शुल्क द्यावं लागतं. पुष्कळ वर्षं ते १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असं होतं. त्यावर मराठी चॅनेलचे थोडे पैसे. स्टिकच्या बाजूला फायबरचं बिल आणि दोन-तीन ॲपचे प्लॅन. फायबर तुम्ही तसंही घेतलंय, नातवंडं सुट्टीत आली की लागतंच, तेव्हा ते मोजू नका. नुसत्या ॲपचे वर्षाचे पैसे आणि डिशचे वर्षाचे पैसे समोरासमोर लिहा. मराठी मालिका आणि बातम्या एवढंच असेल, तर दोन्ही आकडे जवळपास येतील. मग पैशांवर न जाता सासू-सासऱ्यांना काय सोपं पडतं त्यावर ठरवा.

महिनाभर दोन्ही ठेवा. सेट टॉप बॉक्स एचडीएमआय एकवर, स्टिक दोनवर. कुठलं रिमोट हातात जास्त असतं ते सासूबाईंना न विचारता फोनवर सहज गप्पांत कळेल. महिना संपल्यावर डिश बंद करायची ठरली, तर फक्त रिचार्ज थांबवा, छपरावरची डिश आणि वायर तशीच राहू द्या; काढायला माणूस बोलावून कौलं फोडून घेण्यात अर्थ नाही. बॉक्स पिशवीत बांधून, कार्ड आतच ठेवून कपाटात ठेवा. फार महिने बंद राहिलं तर काही कंपन्या खाते गोठवतात, ते पुन्हा सुरू करायला काय लागतं हे आत्ताच विचारून ठेवा.

आणि टीव्ही बदलायचा विचार असेल, तर त्यासाठी नवी स्टिक घेऊ नका. हल्लीच्या नव्या टीव्हीत हे सगळं आतच असतं. तुमच्या बत्तीस इंचीला फोर के वाली महाग स्टिकही लागत नाही, त्या पडद्यावर तेवढे ठिपकेच नाहीत. दिरांनी आणलेली पुरे आहे. फायबर कुठल्या कंपनीचं आणि टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या किती खाचा, एवढं कळवा, म्हणजे जोडणी कशी करायची ते नेमकं सांगतो.